पाकीच्या धक्क्यावरून: जिनिव्हातील मुएत नौकासेवा

कामानिमित्त जिनिव्हाला जाण्याची ही माझी दुसरी वेळ होती. पहिल्या खेपेस बैठका संपल्यावर उरलेल्या अर्ध्या दिवसात एका पर्यटन बसमधून जी काही ठिकाणे पाहिली, त्यांची छायाचित्रे माझ्याजवळ आहेत, पण शहर पाहिल्याची आठवण मात्र नाही. या वेळी शुक्रवारी काम आटोपले, परतीचे विमान रविवारी सकाळचे होते, आणि मधला जून महिन्यातला मोकळा शनिवार मी कोणतेही ठिकाण उरकायचे नाही असे ठरवून सरोवराच्या काठी घालवला. त्या दिवशी सर्वांत जास्त उपयोगी पडलेली आणि सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे दोन काठांदरम्यान ये-जा करणाऱ्या छोट्या बोटी. त्यांना तेथे ‘मुएत’, म्हणजे फ्रेंचमध्ये कुरव पक्षी, असे म्हणतात.

१८९७पासून चालत आलेली ही सेवा पर्यटकांसाठी काढलेली नाही, हे तिचे खरे वैशिष्ट्य आहे. लेमाँ सरोवर जिनिव्हापाशी निमुळते होत जाते आणि तेथूनच ऱ्होन नदी बाहेर पडते. नदीच्या तोंडाशी असलेल्या माँ ब्लाँ पुलाच्या पुढे सरोवरावर एकही पूल नसल्यामुळे उत्तरेकडच्या पाकी या वस्तीतून समोरच्या काठावर दिसणाऱ्या ओ-व्हीव या वस्तीला पायी जायचे, तर पुलाला वळसा घालावा लागतो. बोट मात्र काही मिनिटांत थेट पलीकडे पोहोचवते. आपल्या जुन्या मराठीतला ‘तर’ हा शब्द तिला चपखल बसतो. बोटींचे चार मार्ग आहेत आणि त्यांना शहराच्या ट्राम-बसचेच तिकीट चालते. हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांना मुक्कामापुरता जो मोफत प्रवासपास दिला जातो, त्यातही या फेऱ्या येतात. हा पास पहिल्या खेपेसही माझ्या खिशात होता, आणि बोटीकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते!

सकाळी पाकी ते मोलार ही फेरी केली. ती जुन्या शहराच्या पायथ्याशी सोडते. त्यापलीकडे तिच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. पाकी ते ओ-व्हीव ही फेरी मात्र मी दिवसभरात तीनदा केली. बोट लहान आणि पाण्यालगत असल्यामुळे ‘झे दो’ हे प्रसिद्ध कारंजे काठावरून दिसते त्याहून अगदी निराळे दिसते. सेकंदाला ५०० लिटर पाणी सुमारे १४० मीटर उंच फेकले जाते, हे वाचलेले असते. पण वर गेलेले ते पाणी विरत विरत पांढऱ्या पडद्यासारखे एका अंगाला झुकते आणि त्याचा आवाज इंजिनाच्या आवाजावर मात करतो, तेव्हा त्या आकड्यांना अर्थ येतो. १८८६मध्ये नदीवरच्या जलशक्ती केंद्रात हे कारंजे निर्माण झाले ते शोभेसाठी नव्हे. संध्याकाळी या केंद्रातल्या पाण्याच्या दाबावर चालणारी कारागिरांची यंत्रे बंद झाली की नळांतला दाब एकदम वाढत असे, आणि तो सोडून देण्याची ही झडप होती. ते सरोवरात हलवले गेले १८९१मध्ये.

ओ-व्हीवच्या काठाजवळ पाण्यातून वर आलेले दोन खडक दिसतात. हिमनदीने आल्प्समधून वाहून आणलेल्या या ‘पिएर द्यू नितॉन’पैकी एकावरची ३७३.६ मीटर ही उंची स्वित्झर्लंडमधील सर्व उंचींच्या मोजणीचा आधार मानली जाते. माझ्या शेजारी भाजीची पिशवी घेऊन बसलेल्या आजीबाईंनी त्या खडकांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांना पलीकडे जायचे होते, एवढेच.

दुपारी पाकीच्या धक्क्याला लागूनच असलेल्या ‘बाँ दे पाकी’ या सार्वजनिक स्नानस्थळी जेवलो. १९३२ची ही काँक्रीटची वास्तू पाडण्याचा बेत नागरिकांनी १९८८च्या सार्वमतात हाणून पाडला. तेथे काउंटरवरून आपली थाळी आपणच घ्यायची आणि जागा मिळेल तेथे अनोळखी लोकांशेजारी बसायचे, अशी पद्धत आहे. स्वित्झर्लंडच्या मानाने जेवण स्वस्त, साधे आणि ताजे होते. सरोवराचे पाणी अंगात हुडहुडी भरवण्याइतके गार असल्यामुळे माझे पोहणे पाच मिनिटांतच संपले. त्यानंतरचा तासभर ऊन खाण्यात गेला, आणि दिवसाचा तोच भाग मला सर्वाधिक स्मरतो.

मुएतकडून अपेक्षा मात्र बेतानेच ठेवावी. माहिती सांगणारा कोणी नसतो, प्रवास बसता बसता संपतो आणि रात्री उशिरा फेऱ्या नसतात. सत्तर किलोमीटरहून लांब असलेल्या या सरोवराचा विस्तार अनुभवायचा असेल, तर १९१४च्या ‘साव्हुआ’सारख्या चाकाच्या जुन्या आगबोटींपैकी एखादीने लोझानच्या दिशेने जावे, आणि त्यासाठी अख्खा दिवस हाताशी ठेवावा. माँ ब्लाँ शिखर दिसेलच, असेही गृहीत धरू नये. मला सकाळी ते स्वच्छ दिसले, दुपारनंतर ढगांत गेले.

संध्याकाळच्या फेरीच्या वेळी ‘बीझ’ नावाचा ईशान्येचा गार वारा सुटला होता आणि बोट चांगलीच डुलत होती. वारा वाढला की काठावरचे लोक भिजू नयेत म्हणून कारंजे बंद केले जाते. आम्ही मध्यावर असताना तो उंच झोत अचानक तुटला आणि वर राहिलेले पाणी सावकाश खाली आले. तेवढ्यात ओ-व्हीवचा धक्का आला, आणि बोटीतली निम्मी माणसे मागे वळून न पाहता उतरून गेली.