रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल नीट समजावणारी ओपीडी, रत्नागिरी (4 स्टार)

सासऱ्यांना एएफ निघालं, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडतात आणि आत रक्त साकळून गुठळी मेंदूत जायची भीती. आधीच्या हॉस्पिटलात "ही गोळी आता कायम" एवढं बोलून पुढचा पेशंट आत घेतला, आणि इकडे गावात कुणीतरी अण्णांच्या डोक्यात भरवलं की हे उंदराचं औषध, मग काय, अण्णा गोळीला हातच लावेनात. शेवटी नाट्याहून पावसमार्गे इथे घेऊन आलो.

इथले डॉक्टर हसले नाहीत हे मला आवडलं. म्हणाले खरंय, वॉरफॅरिन 1948 ला उंदरांसाठीच बाजारात आलं, माणसांना 1954 पासून देतात, म्हणून तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी, बघून डोस ठरवायचा. मग कागद घेऊन चक्क शंभर टिंबं काढली. अण्णांचं वय 72, बीपी, शुगर, असे धोक्याचे तीन पॉइंट. अशा 100 जणांत गोळी न घेता वर्षाला साधारण तिघांना पॅरालिसिस होतो, गोळीने त्यातले दोन टळतात, पण मोठा रक्तस्राव होणारेही असतात, वॉरफॅरिनवर शंभरात तीनेक, अ‍ॅपिक्साबॅन या नव्या गोळीवर दोनेक. नवऱ्याने विचारलं अ‍ॅस्पिरिनवर भागणार नाही का, तर नाही, एएफमध्ये तिचा उपयोग कमी आणि रक्तस्रावाची भीती फारशी कमी नाही.

आणि मग आम्हाला नाही, अण्णांना विचारलं, "तुम्हाला जास्त भीती कशाची?" अण्णा म्हणाले, "भाऊ अर्धांग होऊन खाटेवर पडलेला बघितलाय मी. ते नको. बाकी काय ते बघू." घरात इतके दिवस डोकेफोड चालली होती ती तिथेच संपली.

कुठली गोळी यावरही घाई केली नाही. वॉरफॅरिन, अ‍ॅसिट्रॉम (तिच्याच जातीची गोळी) स्वस्त, पण आयएनआर 2 ते 3 मध्ये ठेवायला सारखं रक्त तपासायचं, आणि पावसाळ्यात आमच्याकडून लॅब गाठायची म्हणजे अख्खा दिवस मोडतो. पालेभाज्यांनी या गोळ्यांचा असर कमी होतो, तरी अळू, टाकळा, शेवग्याचा पाला बंद नाही करायचा, फक्त आठ दिवस रोज आणि मग महिनाभर काहीच नाही असं नको. लावणीच्या वेळी लेप्टोच्या तापासाठी डॉक्सीच्या (अँटिबायोटिक) गोळ्या देतात ना, त्यानेही काहींचा आयएनआर चढतो, आधी कळवा म्हणाले. हे आम्हाला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं! अ‍ॅपिक्साबॅनला आयएनआर नाही, पण दिवसातून दोनदा, चुकवली की असर लवकर उतरतो, किडनीची तपासणी अधूनमधून लागते आणि पेटंट संपून स्वस्त झाली तरी अ‍ॅसिट्रॉमपेक्षा महागच. डॅबिगॅट्रान ही दुसरी नवी गोळी घेतली तर मूळ पाकिटातच ठेवायची, आपल्या दमट हवेत डबीत काढून ठेवली की खराब होते. अण्णांनी अ‍ॅपिक्साबॅन निवडली, सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर.

एक स्टार का कापला ते पण सांगते. केबिनचं दार सताड उघडं, आमच्या आधीच्या ताईंचं सगळं बाहेर बाकावर ऐकू येत होतं. त्यांच्या हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह, त्यांनाही नवी गोळी हवी होती, तर डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं, अशा व्हॉल्व्हला त्या गोळ्या चालत नाहीत, वॉरफॅरिनच घ्यावी लागते. माहिती आम्हाला फुकट मिळाली हो, पण त्या बिचारीला कसं वाटलं असेल? शिवाय घरी न्यायला जो कागद देतात तो सगळा इंग्रजीत, अण्णांना काय कळणार, मी मागच्या बाजूला मराठीत लिहून फ्रिजवर लावलाय. नंबरही वेळेवर लागत नाही, संध्याकाळची एसटी धरायची असेल तर सकाळीच या.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, गुडघेदुखीच्या आणि काढे-चूर्णं पण. आमच्या पिशवीतून पेनकिलरची पट्टी निघाली ती त्यांनी लगेच बंद करायला लावली, या गोळीबरोबर ती घेतली की रक्तस्राव वाढतो म्हणून.