जनरेटरचं बटण घरात: वायर, रिमोट, मोबाईल की ऑटो पॅनल?

मे महिन्यात वादळ सुटलं आणि लाईट गेली की अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरी पहिला प्रश्न असायचा, खळ्यात कोण जाणार? जनरेटर तिथे पत्र्याच्या शेडखाली, घरापासून पंचवीस मीटरवर. अंधार, चिखल, विंचूकाट्याची भीती आणि आबांचं वय पंच्याहत्तर. मी वायरिंगचीच कामं करतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी जनरेटरचं बटण मीच ओसरीत आणून दिलं.

साधं घंटीचं बटण होतं. दाबलं की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, फिरणार, सोडलं की थांबणार. पहिल्याच जोराच्या पावसात आबांनी ते दाबलं. पत्र्यावर पाऊस असा बडवत होता की इंजिन लागलेलं त्यांना ऐकूच आलं नाही. ‘चालू व्हयना का रे?’ असं विचारत ते बटण धरूनच उभे. मी धावत खळ्यात पोचलो तेव्हा इंजिन पूर्ण वेगात होतं आणि सेल्फ त्याच्यासोबत किंचाळत होता. सकाळी खोलून पाहिला. इंजिनात अडकणाऱ्या पिनियनच्या दात्यांना घासून धार आली होती, क्लच दोन्ही दिशांना मोकळा फिरत होता, सेल्फला करंट जोडणाऱ्या सोलेनॉइडमधली तांब्याची चकती काळी पडून तिच्या कडेला मोहरीएवढे वितळलेले थेंब चिकटले होते.

मशीनजवळ उभा असलेला माणूस कानाने ऐकतो आणि चावी सोडतो. बटण घरात येतं, पण तो कान खळ्यातच राहतो. म्हणून गिऱ्हाईक ‘भाऊ, यातलं कोणतं घेऊ?’ असं विचारतं तेव्हा मी आधी हे पाहतो: इंजिन लागलं हे कोणाला कळणार आणि सेल्फ कोण सोडणार?

जनरेटर फक्त दोरीने ओढायचा असेल तर यातलं काहीच जमणार नाही. सेल्फ आणि १२ व्होल्टची बॅटरी हवी. पेट्रोलवरच्या मशीनला चोकचंही बघावं लागतं. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात चोकची गरज सहसा पडत नाही. धुळ्याकडे जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा चोक ओढल्याशिवाय गार इंजिन लागत नाही. चोक हाताचा असेल तर थंडीत खळ्यात जाणं टळत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

वायर ओढून बटण बसवणं सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते बहुतेक घरांना पुरेसं. पण ते रिलेवरच करा, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर. १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. पंचवीस मीटर जाऊन-येऊन पन्नास मीटर होतात, म्हणजे ०.६ ओहम. सोलेनॉइडला १० अँपिअर लागले तर ६ व्होल्ट वाटेतच संपतील, उरलेल्या सहात सेल्फ टकटक करेल आणि बसेल. गाडीचा १२ व्होल्टचा रिले मात्र ०.२ अँपिअरमध्ये ओढला जातो. मग वाटेत जेमतेम ०.१२ व्होल्ट जातात. मोठा करंट मशीनपाशीच ठेवायचा, घरापर्यंत फक्त इशाऱ्याची वायर आणायची. बॅटरीच्या टर्मिनललगत फ्यूज टाका आणि ही वायर २३० व्होल्टच्या पाइपातून नेऊ नका.

आपल्याकडे घरोघरी ठिबकची जुनी १६ मिमी नळी पडलेली असते. काळी असल्याने ती उन्हात पांढऱ्या पीव्हीसी पाइपासारखी लवकर तडकत नाही. वायर तिच्यातून ओढायला हरकत नाही, पण साधी लॅटरल घ्या. ड्रिपर असलेल्या नळीच्या भोकांतून पाणी शिरतं आणि सांधा हिरवा पडतो.

बंद करायच्या वायरीकडे लोक दुर्लक्ष करतात. बहुतेक पेट्रोल इंजिनांत ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची वायर बॉडीला टेकवली की ठिणगी थांबते आणि मशीन बंद पडतं. म्हणजे उंदराने ती वायर कुरतडली, तर घरातल्या बटणाने इंजिन बंद होणारच नाही. डिझेलमध्ये डिझेल अडवणारा सोलेनॉइड असतो. काहींत करंट दिला की इंजिन बंद होतं, काहींत करंट तोडला की. कोणता आहे हे पाहिल्याशिवाय वायर जोडू नका.

आता कानाचं काम. २३० व्होल्टच्या कॉइलचा एक रिले जनरेटरच्या आउटपुटवर बसवा आणि त्याचा एरवी जोडलेला असणारा संपर्क सेल्फच्या इशाऱ्याच्या वायरीत घ्या. इंजिन वेगात आलं, व्होल्टेज उभं राहिलं की रिले ओढला जातो, तो संपर्क तुटतो आणि बटण दाबलेलं असलं तरी सेल्फ सुटतो. दुसऱ्या संपर्कातून १२ व्होल्टचा हिरवा दिवा ओसरीत आणता येतो. वीज तयार करणारा अल्टरनेटरच बिघडला तर हा रिले फसेल, म्हणून सोबत सात-आठ सेकंदांचा टायमर हवाच.

रिमोट आकर्षक वाटतो, कारण खोदकाम नाही, वायर नाही. पण त्याच्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. आपल्या जुन्या घरांच्या दीड-दोन हात जाड मातीच्या भिंती आणि वर शेडचा पत्रा मध्ये आला की ते बरंच कमी होतं. शिवाय रिसीव्हर रात्रंदिवस जागा असतो. तो १० मिलिअँपिअर घेत असेल तर महिन्याला ७ अँपिअर-तास खातो. छोट्या बॅटरीचा त्यात निम्मा जीव जातो, आणि नेमक्या वादळाच्या रात्री सेल्फ फिरत नाही. चार्जर बसवणार असाल, घर नवीन आणि मशीन जवळ असेल, तरच रिमोट घ्या. त्यातही सेल्फ फिरवणं स्वतः थांबवणारा कंट्रोलर असलेलाच घ्या. नुसता रिले चालू-बंद करणारी पट्टी घेतलीत, तर आमच्याकडे झालं तेच दूरवरून होईल.

मोबाईलवरून सुरू होणारा बॉक्स शेतकऱ्यांना ओळखीचा आहे, विहिरीवरच्या मोटरींना तो सर्रास बसतो. त्याच भरवशावर घरच्या जनरेटरला मागतात. मी नको म्हणतो. लांबलेल्या लाईटबंदीत टॉवरची बॅटरीही उतरते, म्हणजे गरज असते तेव्हाच रेंज नसते. २-जी बॉक्समध्ये जिओचं सिम चालत नाही, दुसऱ्या कंपनीचं घ्यावं लागतं आणि त्याचा रिचार्ज कोणीतरी लक्षात ठेवावा लागतो. खरी काळजी वेगळीच आहे. विहिरीवरची मोटर पाण्यात असते. जनरेटर घराच्या आवारात असतो, शेडमध्ये पोरं खेळत असतात, कोणी धुराड्यासमोर कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या असतात. जळगावात बसून बटण दाबणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

ऑटो पॅनल, ज्याला आम्ही एएमएफ म्हणतो, सगळ्यात महाग. पण कानाचं काम तो पुरतं करतो: लाईट गेल्याचं ओळखतो, सेल्फ फिरवतो, इंजिन लागताच सोडतो, नाही लागलं तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतो, तीनदा फसल्यावर अलार्म देतो आणि घराचा लोडही स्वतः बदलतो. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचं माणूस असेल किंवा म्हातारं जोडपं एकटं राहत असेल तर पैसे इथेच घाला. तरी मधल्या काही सेकंदांसाठी इन्व्हर्टर लागतो, आणि ऑक्सिजनचं माणूस असेल तर भरलेलं सिलिंडरही जवळ ठेवायचंच. सेटिंग करताना लाईट गेल्यावर निदान दहा-पंधरा सेकंद थांबायला लावा. वादळात आपल्याकडे लाईट पाच वेळा ये-जा करते, दर वेळी इंजिन उठायला नको. कमी व्होल्टेजची मर्यादाही घालून घ्या. नाहीतर १५० व्होल्टवर फ्रिज कण्हत राहील आणि पॅनल म्हणेल, लाईट आहे.

काहीही निवडा, लाईन आणि जनरेटर यांतलं एक निवडणारा चेंजओव्हर स्विच घराच्या मीटरपाशी हवा आणि महावितरणची लाईन व जनरेटर एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असाच हवा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालवणारे मी पाहिलेत. त्याने वीज उलटी डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि डीपी तिचे ११ हजार व्होल्ट करून लाईनवर सोडते. त्या वेळी खांबावर चढलेला लाईनमन आपल्याच गावचा असतो.

धुराचंही पक्कं करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. मशीन उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर आणि धुराडं घराकडे पाठ करून ठेवा. बंद खोलीत किंवा पडवीत मशीन असेल तर मी बटण जोडूनच देत नाही.

आमच्या ओसरीत आता दोन स्थितींचा स्विच आहे. वर केला की मशीनजवळचा कंट्रोलर बाकी सगळं बघतो, खाली केला की इंजिन बंद. शेजारी हिरवा दिवा. आणि खळ्यात, मशीनलाच, एक चावीचा स्विच बसवलाय. ऑइल बदलायला जाताना ती चावी काढून मी खिशात घालतो, म्हणजे घरातून कोणी स्विच वर केला तरी माझा हात पंख्यापाशी असताना इंजिन उठत नाही.