गिटचं जीयूआय, सात महिने आणि चार मिलिमीटर

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि ते हुकूम टाइप न करता माउसने चालवायचं हे विकतचं जीयूआय ॲप. त्यातला इतिहासाचा ग्राफ किती देखणा, डार्क थीम कशी, हे तुम्ही ट्रायलमध्ये पाहिलंच असेल. मी वर्षाची वर्गणी भरून सात महिने वापरतोय, तेव्हा थेट बटणावरच येतो. बदललेल्या फाइलींच्या यादीत एखाद्या फाइलवर माउस नेला की उजवीकडे दोन चिमुकली चिन्हं उगवतात, ‘स्टेज’ आणि ‘डिस्कार्ड’. एकाने काम कमिटच्या, म्हणजे इतिहासातल्या पक्क्या नोंदीच्या, रांगेत लागतं, दुसऱ्याने मातीत जातं. दोन्ही राखाडी. मधलं अंतर मी स्क्रीनला पट्टी लावून मोजलंय: चार मिलिमीटर.

गेल्या महिन्यात संध्याकाळी एडिटर बंद केला, कमिट टाकून उठावं म्हटलं आणि स्टेजऐवजी डिस्कार्ड दाबलं. फाइल यादीतून गेली. स्टेज केल्यावरही ती वरून जाऊन खालच्या कप्प्यात पडते, त्यामुळे दोन सेकंद समाधानच वाटलं. मग खालचा कप्पा रिकामा दिसला.

घाईघाईने रिफ्लॉग, म्हणजे गिटची कमिटांची डायरी, उघडला. पण जे कधी कमिटच झालं नाही, त्याची नोंद तिथे कुठून असणार? वाचवलं ते सकाळच्या एका धांदरटपणाने. तीच फाइल अर्धवट असताना मी स्टेज केली होती आणि लगेच परत काढली होती. स्टेज करताना गिट त्या क्षणाची फाइल ब्लॉब (मजकुराची प्रत) म्हणून साठवतं आणि अनस्टेज केलं तरी तो लगेच पुसत नाही. टर्मिनलवर ‘गिट एफएससीके’ या तपासणीच्या कमांडला लॉस्ट-फाउंडचा पर्याय लावून चालवलं, तर सतरा बेवारस ब्लॉब निघाले. नावाच्या जागी 40 अक्षरांचा हॅश (मजकुरावरून काढलेला कोड), त्यामुळे एकेक उघडून बघायचं. बाराव्यात माझं फंक्शन सापडलं, सकाळच्या अवस्थेत. दुपारनंतरचं काम गेलं ते गेलंच.

सपोर्टला चार परिच्छेद तणतणून लिहिले: एवढं घातक बटण विचारल्याशिवाय चालतंच कसं? दोन दिवसांनी दोन ओळी आल्या. विचारतं; सेटिंगमध्ये ‘पुन्हा विचारू नका’वर खूण आहे का ते बघा. होती. पहिल्याच आठवड्यात वैतागून मीच केलेली. म्हणून एक तारा द्यायचा ठरवलं होतं तिथे आता दोन देतो. खूण माझी, पण ते चार मिलिमीटर माझे नाहीत.

रागाच्या भरात पंधरा दिवस गिट-गुईवर काढले. गिटच्याच घरचं, फुकट, टीसीएल-टीके या प्रोग्रॅमिंग साधनात लिहिलेलं. रूप असं की बघताच स्क्रीन जुनी वाटायला लागते. आणि तिथे, उजव्या क्लिकच्या मेनूत काय असावं? ‘अनडू लास्ट रिव्हर्ट’! एखादा हंक (बदललेल्या ओळींचा गठ्ठा) किंवा चार ओळी चुकून उडवल्या तर शेवटचं उडवणं मागे घेता येतं. फक्त शेवटचं, पण येतं. फुकटवाल्याला जे सुचलं ते वर्गणी घेणाऱ्याला सुचू नये?

मग परत का आलो? एक म्हणजे रिबेस, झालेले कमिट नव्याने मांडणं. कमिट माउसने ओढून वर-खाली करायचे, दोन एकत्र चिकटवायचे, मेसेज तिथेच सुधारायचा. हे सुख एकदा लागलं की टर्मिनलमधली ती ‘पिक’ (ठेवा), ‘स्क्वॉश’ (चिकटवा) अशी टाइप करायची यादी नकोशी होते. कॉन्फ्लिक्टची, म्हणजे एकाच जागचे दोन बदल आपसात भिडले की लागणारी, तीन खणांची खिडकीही झकास आहे. तेव्हा आणखी एक तारा, नाखुशीने. दुसरं कारण म्हणजे वर्गणीचे पाच महिने उरलेत आणि ते मी सोडणार नाही.

नवीन घेणाऱ्यांनी आधी आपली ऑपरेटिंग सिस्टिम बघावी. लिनक्सवर असाल तर सोर्सट्री आणि फोर्क ही गिटची ॲपं तिकडे नाहीतच, टॉर्टॉइसगिट फक्त विंडोजवर. सब्लाइम मर्ज आणि गिटक्रॅकन विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतात. कुठलंही घ्या, ट्रायलमध्ये ग्राफ बघत बसू नका. एका प्रयोगाच्या रेपोत (गिट सांभाळतं त्या फोल्डरमध्ये) मुद्दाम डिस्कार्ड दाबून बघा, परत काय मिळतं ते.

सध्या माझी वाटणी अशी आहे की स्टेज आणि कमिट गिट-गुईत, रिबेस आणि मर्ज (दोन फांद्या जोडणं) या विकतच्या ॲपमध्ये. मागच्या आठवड्यात अपडेट आलं, त्यात डिस्कार्डचं चिन्ह लाल केलंय. अंतर मात्र तेवढंच. पट्टी अजून टेबलावरच होती.