नगरपंचायतचा नळ : सव्वा वर्ष वापरून माझे पाचपैकी अडीच स्टार

गावाबाहेरच्या नवीन लेआउटमधी घर बांधलं त्याला पावणेदोन वर्षं झाली, नळ लागून सव्वा वर्ष, आणि रोज कोणी ना कोणी विचारते की ताई तुमच्या तिकडं प्लॉट घ्यावा का, पाणी कसं आहे. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी चांगलं. पाणी गोड आहे. बाहेरच्यांना याची किंमत कळायची नाही, पण आम्ही पडलो खारपाणपट्ट्यातले, पूर्णेच्या अंगानं अकोला अमरावती बुलढाण्याचा हा जो पट्टा आहे तिथं बोअर मारला की मीठच वर येते. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, आरओवाल्यानं मोजला तर 2400 निघाला, आणि प्यायच्या पाण्याला 500 पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसली तर फार तर 2000, असा नियम आहे. त्या पाण्यात तुरीची डाळ लावली की सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा न् दाणा वेगळा, साबणाला फेस नाही, पाण्याच्या गुंडाच्या, म्हणजे घागरीच्या, आतून पांढरी पुटं. नळाच्या पाण्यात तीन शिट्ट्यांत वरण घोटलं जाते. पाण्याच्या चवीला पाच स्टार, त्यात काही वाद नाही.

आता कनेक्शन. अर्ज, खरेदीखताची झेरॉक्स, मालमत्ता कराची पावती, अनामत, रोड फोडायचे पैसे वेगळे, प्लंबर आपला, पाईपही आपलाच. इथवर ठीक. पण मेन लाईन आमच्या घराच्या दीडशे फूट अलीकडंच संपलेली! लेआउटवाला म्हणे नगरपंचायत टाकून देईल, नगरपंचायत म्हणे लेआउटवाल्यानं टाकायची होती, आणि खरं पाहता मंजुरीच्या आदेशात अटच होती की रस्ता, नाली, पाण्याची लाईन करून द्यायची, आमच्या यांनी तो आदेश स्वतः वाचला, पण प्लॉट विकून झाल्यावर अट कोण पाहते बाप्पा. शेवटी आम्ही सात घरांनी वर्गणी करून पाईप टाकला. चार महिने टँकर आणि वीस लिटरची कॅन.

बरं, पाणी येते किती. पाचव्या दिवशी, पन्नास मिनिटं, पहाटे साडेचारला. एक हजाराची काळी टाकी भरते आणि वरून पंधरा लिटरचे दहा गुंड, म्हणजे 1150 लिटर. घरात पाच माणसं, पाच दिवस. करा हिशोब, माणशी रोजचे 46 लिटर. माझं माहेर खेडं, तिथं जलजीवन मिशनचा नळ आहे, त्या योजनेत माणशी 55 लिटर धरतात. शहरात गटार योजना नसली तरी 70 आणि असली तर 135 धरायचे असतात. म्हणजे ग्रामपंचायतची नगरपंचायत झाली, टॅक्स वाढला, पाटी बदलली आणि पाणी खेड्याहून कमी. शेजारचे टिल्लू पंप लावतात तो भाग निराळा, त्यांनी मोटर लावली की आमच्या नळाला नुसती हवा, सू सू करत राहते.

असं काहून, तर त्याचं उत्तर मले एका भिंतीवर सापडलं. विकास आराखड्याचा, म्हणजे गावात कुठल्या जमिनीवर काय होणार त्याचा, कच्चा नकाशा लावला होता आणि हरकती द्यायला 30 दिवस होते, 1966 च्या नगररचना कायद्यातच ती सोय आहे. आम्ही गेलो पाहायला. आमच्या बाजूची सगळी वावरं पिवळी, म्हणजे राहायचा भाग. जलकुंभाचं आरक्षण, म्हणजे पाण्याच्या टाकीसाठी राखलेली जागा, मात्र एकच, ते पण नाल्यापल्याड एकाच्या तुरीत. गावातली जुनी टाकी ग्रामपंचायतच्या काळातली, जुन्या गावठाणापुरती. मी विचारलं साहेब एवढं पिवळं केलं तर पाणी कुठून आणणार, तर म्हणे पाण्याची योजना वेगळी असते, तिचा प्रस्ताव वेगळा जाते. जमिनीचा नकाशा एका टेबलावर आणि पाण्याचा दुसऱ्या, अन् दोघं एकमेकांले ओळखत नाहीत! त्यातून आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षात ती जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण सोडवायच्या मागे लागू शकते. मी हरकत लिहून दिली, पोच घेतली, लॅमिनेशन करून ठेवलीय.

लिकेजचं पण सांगते. आमची काळी माती, वैशाखात अशा भेगा पडतात की चप्पल आत जाईल, आणि पावसात तीच माती फुगते. ह्या हलण्यात पाईपचे जॉइंट सुटतात. मे मधी कोपऱ्यावरचा सुटला, नऊ दिवस तिथं डबकं, म्हशी बसायच्या, मग एक माणूस आला आणि सायकलची ट्यूब गुंडाळून गेला. पाणी सोडणारा वॉलमन भाऊ मात्र चांगला माणूस आहे, लाईट गेली, पंप बंद पडला की ग्रुपवर मेसेज टाकते, त्याच्यासाठी अर्धा स्टार जास्त दिलाय.

प्लॉट पाहायला आले तर कमानीवर जाऊ नका. रेखांकनाची, म्हणजे लेआउटची, अंतिम मंजुरी मागा, तात्पुरत्यावर विकणारे लय आहेत. ओपन स्पेस नकाशात दाखवलीय ती जागेवर आहे का पाहा. आणि पहाटे साडेचारला या, पाण्याच्या दिवशी, त्या गल्लीत कोणाच्याही दारात उभे राहा. एजंट तुम्हाले बोअर चालू करून दाखवीन, पाणी धो धो पडीन. तोंडात घेऊन पाहा.

एडिट : काल नाल्यापल्याड मोजणीवाले आले होते, खांब रोवून गेले. टाकीचे की रस्त्याचे, कोणी सांगत नाही. स्टार तेवढेच ठेवते.