आमच्या वस्तीतलं हेल्थ पोस्ट : पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला तेही सांगते

पोरीचा नऊ महिन्यांचा डोस देऊन आत्ताच घरी आले, ती झोपलीय तोवर लिहून टाकते कारण उठली की ताप येणार आणि मग रात्रभर मांडीवर. हॉटेलांचे रिव्ह्यू तर सगळेच टाकतात, हेल्थ पोस्टबद्दल, म्हंजे पालिकेच्या छोट्या आरोग्य केंद्राबद्दल, कोणी लिहिताना दिसत नाही, आणि माझ्या घरात जे काय बदललं ते बरंचसं याच दोन खोल्यांतून बदललंय म्हणून लिहावंसं वाटलं. मुंबईत गोवंडीतलं आहे, नेमकी गल्ली मुद्दाम देत नाही, खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि त्यांचा जाब तिथल्या ताईंना विचारला जाऊ नये एवढीच इच्छा.

आधी कामाचं. लसीकरणाच्या दिवशी नऊ-साडेनऊला जा, कार्ड न विसरता न्या, पहिल्यांदाच जात असाल तर डिस्चार्ज पेपर आणि आधार पण ठेवा. आज पोरीला एमआर (गोवर-रुबेलाची लस), पीसीव्हीचा (न्यूमोनियावरची लस) बूस्टर, पोलिओचं छोटं इंजेक्शन आणि अ जीवनसत्त्वाचा तो चिकट डोस, सगळं फुकट. खाजगीत एकट्या पीसीव्हीलाच हजारात पैसे जातात, आमच्याकडे तेवढ्यात महिन्याचं रेशन येतं. सिस्टरने कुठली लस दिली, ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख कधी हे सगळं नीट सांगितलं आणि अर्धा तास बसवून घेतलं. एमआरची बाटली एकदा फोडली की चार तासांत वापरावी लागते, नाहीतर उरलेले डोस फेकावे लागतात, म्हणून कधी कधी अजून दोन-तीन पोरं येईपर्यंत थांबायला सांगतात. बायका त्यावरून चिडतात, मी पण एकदा चिडले होते, पण कारण कळल्यावर राग गेला.

आता खरी गोष्ट ही की इथल्या आरोग्य सेविका, ज्यांना आम्ही नुसतं ताई म्हणतो, त्यातल्या एक माझ्या आईच्या वेळेपासून आहेत. आईला सहा पोरं झाली, चार जगली. एक हगवणीने गेलं, एक गोवराने, दोन्ही वर्षाच्या आत. लोक किती सहज बोलतात ना की हे झोपडपट्टीवाले पोरं काढतात म्हणून गरीब राहतात, अगदी ऑफिसातले शिकलेले पण बोलतात, आणि मला प्रत्येक वेळी आई आठवते. तिला कोणी विचारलं होतं का की किती हवीत? दोन गेल्यावर ती म्हणायची, पदरात किती टिकतील ते देवाला माहीत. ज्या बाईला आपलं पोर जगेल याची खात्रीच नाही ती दोनवर कशी थांबेल सांगा.

ताईंनी एकदा सांगितलं की मुंबईतली ही हेल्थ पोस्ट मुळात १९८८ च्या सुमाराला वर्ल्ड बँकेच्या मदतीच्या इंडिया पॉप्युलेशन प्रोजेक्टमधून उभी राहिली, म्हंजे मुख्य उद्देश लोकसंख्येची वाढ कमी करणं. पण दारोदार फिरायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नसबंदीच्या ऑपरेशनचं नाव काढलं की बायका दार लावतात, आणि ओआरएसची पुडी नाहीतर लसीची तारीख घेऊन गेलं की चहाला बसवतात. आईचं पण तसंच झालं. माझ्या पाठचे दोघं सगळ्या लसी घेऊन धडधाकट वाढले तेव्हा कुठे ती स्वतःहून ताईंना म्हणाली, आता माझं ऑपरेशन करा. १९९६ ला. आधी पोरं जगली, मग पोरं थांबली, हा क्रम मी माझ्या घरात बघितलाय.

आकडे पण हेच बोलतात, मी अकाऊंट्सला आहे त्यामुळे आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात हजार जिवंत जन्मांमागे ७९ बाळं पहिल्या वर्षात जायची आणि एका बाईला सरासरी ३.४ मुलं होती. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात बालमृत्यू ३५ वर आणि मुलं २.० वर. आपल्या महाराष्ट्रात तर १.७. लोकसंख्या जिथल्या तिथे राहायला २.१ लागतात, म्हंजे आपण कधीच त्याच्या खाली गेलोय, तरी ते "वाढती लोकसंख्या" वालं भाषण काही थांबत नाही. त्याच सर्वेक्षणात अजिबात शाळेत न गेलेल्या बायकांना सरासरी २.८ मुलं आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना १.८. सगळ्यात गरीब घरांत २.६, सगळ्यात श्रीमंत घरांत १.६.

यातलं शाळेचं मला सगळ्यात जास्त लागतं, कारण मी आणि माझी अक्का. एकच आई, एकच दहा बाय बाराची खोली. अक्का सात वर्षांनी मोठी. ती सातवीपर्यंतच गेली, कारण आमची पालिकेची शाळा सातवीलाच संपायची आणि पुढची हायवेच्या पलीकडे, आणि घरी पाणी भरायला आणि आम्हाला सांभाळायला कोण, तर अक्का. सतराव्या वर्षी लग्न, विसाव्याला दोन पोरं, आता तीन, रक्त कायम कमी. मी शिकले कारण माझ्या वेळेपर्यंत आई बाळंतपणातून सुटली होती आणि धुणीभांड्याची तीन घरं धरली होती, म्हंजे माझी फी तिच्या ऑपरेशनमुळे भरली गेली असं म्हटलं तरी चालेल. मी हुशार आणि अक्का मठ्ठ असं अजिबात नाही, उलट हिशोब तिचाच पक्का आहे. गरिबीने तिची शाळा सुटली, शाळा सुटली म्हणून लवकर लग्न, लवकर लग्न म्हणून लवकर पोरं आणि अंगात रक्त नाही, आणि आजारपणात नवऱ्याची हजेरी बुडते की परत उधारी. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे शोधायला गेलं तर गोल गोल फिरतो आपण.

म्हणून मला हेल्थ पोस्टची ती साधी पद्धत आवडते की एका बाईला एकाच कामासाठी बघत नाहीत. अक्का तिसऱ्याच्या लसीला गेली तर ताईंनी तिचं हिमोग्लोबिन बघायला पाठवलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, मोठी पोरगी शाळेत जाते का विचारलं, आणि मग हळूच सांगितलं की ऑपरेशन नको असेल तर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे, आठवड्याची छाया गोळी आहे, तांबी आहे. कुठेही जबरदस्ती नाही, दम नाही. ज्या मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी किती सोसलं, त्या मुंबईत बाईला तिच्या भाषेत नीट समजावून सांगणारं कोणीतरी शंभर वर्षांनी तरी आमच्या गल्लीत आहे याचं मला खरंच बरं वाटतं.

आता कापलेला स्टार. वेळ. सगळं सकाळ ते दुपार. ज्या बायका धुणीभांडी करतात, जरीचं काम करतात, कचरा वेचतात, त्यांची एका लसीमागे दिवसाची कमाई जाते, आणि मग दुसऱ्या दिवशी ताप असलेल्या पोराला घेऊन परत खाडा. महिन्यातून दोन संध्याकाळी उघडलं तरी किती सोपं होईल. बसायला दोन बाकडी, एकावर रजिस्टरं. प्यायला पाणी नाही, टॉयलेट कुलूप लावलेलं, आणि गरोदर बायकांची लाईन तिथेच. मागच्या वर्षी दोनदा लोहाच्या गोळ्या संपलेल्या होत्या, आणि जिथे महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे, ५४ टक्के, तिथे नेमक्या याच गोळ्या संपतात कशा हे मला कळत नाही.

आणि पुरुष. मी अख्ख्या सकाळी दोन पुरुष बघितले, एक आजोबा आणि एक रिक्षावाला बायकोला सोडायला आलेला. त्याच पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं आणि नवऱ्याचं झालेलं फक्त ०.३ टक्के, तेही पुरुषाचं सोपं असतं, टाक्याशिवाय होतं, तरी. भिंतीवर पोस्टर आहे त्यावर पण बाईच. माझ्या नवऱ्याला मी पुढच्या वेळी घेऊन जाणारे, डोस द्यायला नाही, ताईंशी बोलायला, तो तयार झालाय.

ताईंबद्दल अजून एक. या बायका उन्हात, चिखलातून, चौथ्या मजल्याच्या शिडीवरून पोतडी घेऊन फिरतात, टीबीच्या पेशंटच्या गोळ्या, पोलिओ, सर्व्हे, सगळं त्यांच्यावरच, आणि हातात पगार नाही तर मानधन. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात आमचा एम पूर्व वॉर्ड सगळ्या शहरात तळाला होता. तेव्हापासून जे काय सुधारलं त्यात या बायकांचा वाटा मोठा आहे, त्यांना कायम केलं तर पाचवा स्टार मी आत्ता देते.

पोरगी उठली, अंग गरम लागतंय, पॅरासिटामॉलचे थेंब ताईंनी दिलेत. पुढची तारीख सोळाव्या महिन्याची, कार्डावर निळ्या पेनाने लिहिलीय, आणि अक्काची अंतराची तारीख पण तिने त्याच कार्डाच्या मागे लिहून घेतलीय म्हंजे दोघी एकदमच जाऊ.