कॅथरीन की ब्रूम? ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तरेत बिऱ्हाड मांडण्याआधी

हातात ४९१ व्हिसा (ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या शहरांबाहेर राहून काम करण्याचा तात्पुरता व्हिसा) आहे आणि नोकरीच्या दोन ऑफर आल्या आहेत, एक कॅथरीनची, एक ब्रूमची. मेलबर्नमधली ओळखीची माणसं सांगतील की दोन्ही गावं सारखीच. ऊन, लाल माती आणि लांबच लांब रस्ते. तसं नाही. दोघांमध्ये रस्त्याने सुमारे साडेपंधराशे किलोमीटरचं अंतर आहे आणि घड्याळात दीड तासाचा फरक. त्याहून मोठा फरक म्हणजे एक गाव नदीने घडवलंय, दुसरं समुद्राने. तिथलं रोजचं जगणं अजूनही त्यावरच चालतं. म्हणून पगाराचे आकडे ताडण्याआधी दोन्ही गावांचा इतिहास समजून घ्या.

कॅथरीन उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विन शहराच्या दक्षिणेला साधारण ३२० किलोमीटरवर आहे. १८६२ मध्ये जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट हा शोधप्रवासी इथून गेला आणि आपल्या मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या जेम्स चेंबर्स यांच्या मुलीचं नाव त्याने नदीला दिलं. जमीन अर्थातच तेव्हाही जावोयन, डागोमन आणि वार्डामन या आदिवासी लोकांची होती. १८७२ मध्ये ॲडलेड ते डार्विन तारेची लाइन पुरी झाली आणि नदीच्या उताराशी तारेचं ठाणं आलं. डार्विनहून पुढे समुद्राखालची तार जावाला जायची आणि तिथून सिंगापूर, मद्रास, मुंबई असं करत लंडन गाठायची. ॲडलेडच्या एखाद्या व्यापाऱ्याचा निरोप मुंबईमार्गे विलायतेला जाई, आणि वाटेत कॅथरीनच्या ठाण्यातून पुढे सरके. १९२६ मध्ये नदीवर रेल्वेचा पूल झाला, तेव्हा गावच उठून पुलाजवळ आलं.

हा वाटेवरचा स्वभाव गावाने सोडलेला नाही. स्टुअर्ट हायवेला व्हिक्टोरिया हायवे इथेच मिळतो, गुरं वाहणाऱ्या लांबलचक रोड ट्रेन (मागे अनेक डबे जोडलेले ट्रक) गावातूनच जातात. आसपासच्या अफाट मुलखाला डॉक्टर, शाळा, गॅरेज, बाजार हवा असेल तर कॅथरीनच गाठावं लागतं. इथल्या ‘स्कूल ऑफ द एअर’चा विस्तार पाहा: दूरच्या गुरांच्या तळांवर राहणाऱ्या मुलांना ही शाळा १९६६ पासून शिकवते, आधी रेडिओवरून, आता इंटरनेटवरून, आणि तिचं क्षेत्र सुमारे ८ लाख चौरस किलोमीटर आहे. म्हणजे अडीच महाराष्ट्र. शिवाय शेजारी टिंडलचा हवाई दलाचा तळ. त्यामुळे नर्स, शिक्षक, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन यांना काम बारा महिने असतं. पर्यटकांच्या येण्याजाण्यावर पोट अवलंबून नसतं, आणि कुटुंब घेऊन येणाऱ्याला मी हीच गोष्ट सगळ्यात मोलाची मानते.

आता नदीची दुसरी बाजू. जानेवारी १९९८ मध्ये पाणी २० मीटरच्या वर चढलं, बाजारपेठ बुडाली, तीन माणसं गेली. २००६ मध्ये पुन्हा पूर आला. आणखी एक गोष्ट एजंट आपणहून सांगेलच असं नाही: टिंडलच्या तळावर वर्षानुवर्षं वापरलेल्या आग विझवायच्या फेसातली पीफास नावाची, सहजी नष्ट न होणारी रसायनं भूजलात उतरली. नळाचं पाणी प्रक्रिया करून येतं, पण घराला बोअर असेल तर ते पाणी कशालाही वापरण्याआधी चौकशी करा.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या ब्रूमचा जन्म शिंपल्यांतून झाला. १८८३ मध्ये वसलेलं हे गाव मोत्यांपेक्षा शिंपल्यांवर जगलं, कारण जगभरच्या सदऱ्यांची बटणं त्या शिंपल्यांची असायची. सुरुवातीला आदिवासी स्त्री-पुरुषांना जबरदस्तीने पाण्यात उतरवलं गेलं. पुढे जपानी, मलय, तिमोरकडचे पाणबुडे आले. गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देण्याचं धोरण सगळीकडे लागू झालं, तरी मोतीवाल्यांसाठी त्यातून सूट काढावी लागली, कारण या पाणबुड्यांशिवाय धंदाच चालत नव्हता. जपानी दफनभूमीत ९०० हून अधिक माणसं विसावली आहेत; कुणी वादळात गेलं, कुणी खोल पाण्यातून भरभर वर आल्याने. प्लास्टिकच्या बटणांनी हा धंदा बसवला, मग मोत्यांची शेती आली. किनाऱ्याला केबल बीच म्हणतात ते १८८९ मध्ये जावाहून आलेल्या तारेमुळे. कॅथरीनशी नातं असं तारेचं आहे, आणि युद्धाचंही: ३ मार्च १९४२ ला जपानी विमानांनी ब्रूमवर हल्ला केला, किमान ८८ माणसं मेली, त्यांत जावाहून पळून आलेली डच बायकामुलं होती. १९ दिवसांनी बाँब कॅथरीनवर पडले.

आजचं ब्रूम देखणं आहे, हे मान्यच करायला हवं. १४ हजारांच्या आसपास वस्ती, १९१६ पासून उघड्या आभाळाखाली सिनेमा दाखवणारं ‘सन पिक्चर्स’, दहा मीटरपर्यंत चढणारी-उतरणारी भरती-ओहोटी. इथल्या मूळच्या यावुरू लोकांचे भूमिहक्क २००६ मध्ये कोर्टाने मान्य केले आणि गावाच्या कारभारात त्यांचा आवाज ठळक आहे. पण मे ते ऑक्टोबर पर्यटक लोटतात आणि भाड्याचं घर मिळणं मुश्कील होतं. नोकरी देणाऱ्याने घर देऊ केलं नसेल तर ब्रूमची ऑफर अर्धीच समजा.

एकटेपणाचा हिशोबही वेगळा. कॅथरीनहून साडेतीन तासांत डार्विन. पोहे, हिंग, तूरडाळ भरून संध्याकाळी घरी परतता येतं. ब्रूमहून पर्थ रस्त्याने सुमारे २,२०० किलोमीटर, म्हणून विमानच धरावं लागतं. जानेवारी २०२३ च्या पुरात फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल गेला आणि ब्रूमहून पूर्वेकडे जाणारा हायवे तुटला. नवा पूल वर्षाअखेर सुरू झाला.

हवेत ब्रूम थोडं सुसह्य, समुद्राचा वारा असतो; पण चक्रीवादळाचा धोका तिथेच, आणि नोव्हेंबर ते एप्रिल जेलीफिशमुळे समुद्रात उतरायचं नाही. कॅथरीनमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर हा खरा कस. पारा ३७-३८ वर, ढग दाटतात पण पाऊस पडत नाही. या दिवसांना ‘बिल्ड-अप’ म्हणतात, आणि माणसं चिडचिडी होतात त्याला ‘मँगो मॅडनेस’. आंबा पिकतो तो तेव्हाच. इथल्या केन्सिंग्टन प्राइड आंब्याचं मूळ भारतातलं मानतात. हापूसची सर त्याला नाही, तरी दिवाळीच्या सुमारास झाडाचा आंबा खाणं हे सुख फार कमी मराठी घरांना मिळतं.

एकटे असाल, दोनेक वर्षं वेगळं जग पाहायचं असेल आणि घर कंपनीचं असेल, तर ब्रूमला जा. मुलं शाळेत असतील, जोडीदारालाही काम हवं असेल आणि पुढच्या १९१ या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी लागणारी तीन वर्षं सलग काढायची असतील, तर माझं मत कॅथरीन. पोरांना सुट्टीत कॅथरीनजवळच्या नितमिलुकच्या घळीत होडीतून न्या. ती जमीन १९८९ मध्ये जावोयन लोकांना परत मिळाली, त्यामुळे तिथली गोष्ट तिच्या मालकांकडूनच ऐकायला मिळते.

फक्त गाव पाहायला जुलैत जाऊ नका, तेव्हा दोन्ही गावं स्वर्ग वाटतात. कॅथरीन ऑक्टोबरच्या शेवटी पाहा, ब्रूम फेब्रुवारीत. आणि कॅथरीनमध्ये घर बघताना घरमालकाला पहिला प्रश्न हाच विचारा: ९८ साली इथे पाणी कुठवर आलं होतं?