क्लॅट की एमएच-सीईटी लॉ? दोन्ही देऊन बसलेलीचं म्हणणं

दिवाळीत घरी गेलं की कुणीतरी अकरावी-बारावीतलं पोरगं समोर आणून बसवतंच, हिला विचार, ही लॉ करते म्हणून. यंदा मामाची मुलगी होती. अकरावी आर्ट्स, कराडलाच, दहावीपर्यंत मराठी मीडियम. मामाचा प्रश्न अगदी सरळ, "क्लॅटचा क्लास लावू का सीईटीचा, एक काय ते सांग." (दोन्ही बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉच्या प्रवेश परीक्षा, क्लॅट देशाची, सीईटी महाराष्ट्राची.) एका वाक्यात काही सांगता आलं नाही मला, म्हणून हे लांबलचक लिहितेय, दुसऱ्या कुणाच्या मामालाही उपयोगी पडेल.

माझं आधी सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी बारावीला दोन्ही दिल्या, डिसेंबर 2022 ला क्लॅट आणि त्यानंतर एप्रिलमध्ये सीईटी. क्लॅटमध्ये आपटले, सीईटीने पुण्यात आले, आता तिसऱ्या वर्षाला आहे. मावसभाऊ माझ्यानंतर एका वर्षाने क्लॅटमधून एनएलयूत, म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत गेला. त्यामुळे दोन्हीकडचं रडगाणं घरबसल्या ऐकायला मिळतं.

क्लॅटमधून देशभरातल्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी मिळतात, आपल्याकडच्या मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही एमएनएलयू (महाराष्ट्र नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी) त्यातच आल्या. दिल्लीची एनएलयू तेवढी नाही, तिची प्रवेश परीक्षा आयलेट वेगळी असते, सिम्बायोसिसची स्लॅट वेगळी, आणि एलसॅट इंडिया बंद झाली, जुने व्हिडिओ बघून तिच्या मागे लागू नका. सीईटी राज्याचा सीईटी सेल घेतो, त्यातून मुंबईचं जीएलसी (गव्हर्नमेंट लॉ कॉलेज), पुण्याचं आयएलएस, कोल्हापूरचं शहाजी लॉ अशी राज्यातली लॉ कॉलेजं मिळतात.

आता गंमत अशी की कागदावर दोन्ही पेपर जुळी भावंडं वाटतात. दोन्हीकडे 120 प्रश्न (आमच्या वेळी दोन्हीकडे 150 होते), दोन्हीकडे दोन तास, विषयही तेच, इंग्लिश, जीके, लीगल, लॉजिकल आणि थोडं गणित. म्हणून सगळे म्हणतात की क्लॅटची तयारी केली की सीईटी आपोआप निघते. मीही म्हणायचे. अर्धवट खरं आहे ते.

एकच टॉपिक घेऊन दाखवते. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर म्हणून 1868 चा इंग्लंडमधला खटला आहे, आपल्या जमिनीत धोकादायक गोष्ट साठवली आणि ती निसटून दुसऱ्याचं नुकसान झालं तर चूक नसली तरी भरपाई द्यायची, असं त्याचं सार. सीईटीत साधारण असं विचारतात की हा खटला कशाशी संबंधित आहे, चार पर्याय, पाठ असेल तर पाच सेकंदांत टिक, नसेल तर कितीही डोकं खाजवा काही उपयोग नाही. क्लॅटमध्ये आधी साडेचारशे शब्दांच्या आसपासचा उतारा येणार, त्यात तो नियम समजावून सांगितलेला, नैसर्गिक आपत्ती असेल तर जबाबदारी नाही असा अपवादही कुठेतरी मधल्या ओळीत ठेवलेला, आणि मग प्रश्न येणार की समजा अमुकने शेतात शेततळं बांधलं, ढगफुटी झाली, बांध फुटला, शेजाऱ्याची द्राक्षबाग बुडाली, भरपाई मिळेल का. आणि इथे जास्त वाचून आलेला माणूस हमखास फसतो, त्याला 1987 चं एम. सी. मेहता प्रकरण आठवतं, भारतात अपवाद चालत नाहीत असं काहीतरी अर्धवट डोक्यात असतं आणि तो चुकीचा पर्याय काळा करून मोकळा होतो. ते मेहताचं तत्त्व घातक उद्योगांपुरतं आहे आणि उताऱ्यात तर त्याचं नावही नाही. क्लॅटचा साधा नियम आहे, उताऱ्यात जे लिहिलंय तेवढाच कायदा, बाकी घरी ठेवून या.

हे लीगल-लॉजिकलचं झालं. करंट अफेअर्सला मात्र उतारा नावापुरता असतो, खालचे प्रश्न बाहेरचेच असतात, त्यामुळे ते दोन्हीकडे वाचावंच लागतं. शिवाय सीईटीला राज्यघटनेचे अनुच्छेद, लॅटिन मॅक्झिम्स (कायद्यातली लॅटिन वचनं), गाजलेले खटले असं घोकायचं लागतं, ते क्लॅटच्या तयारीत होत नाही. क्लॅटवाली मुलं सीईटीत तिथेच मार्क घालवतात आणि मग पेपर फालतू होता म्हणतात.

निगेटिव्ह मार्किंगवर माझं दुःख आहे ते सांगते. क्लॅटला चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो, सीईटीला काहीच जात नाही. मी क्लॅटमध्ये 141 प्रश्न सोडवले, किती भारी वाटलं होतं बाहेर आल्यावर, आईला फोन करून सांगितलं सगळा पेपर सोडवला म्हणून. त्यातले 79 बरोबर निघाले, 62 चूक, म्हणजे साडेपंधरा मार्क वजा आणि हातात राहिले साडेत्रेसष्ट. शेवटच्या वीस मिनिटांत उतारे न वाचताच गोळे काळे करत होते आणि ओएमआरवर बॉलपेनने एकदा काळं केलं की केलं, खोडता येत नाही. सीईटीला कॉम्प्युटर असतो, उत्तर बदलता येतं, आणि एकही प्रश्न मोकळा सोडून येणं म्हणजे मूर्खपणा. तीच घाई मी एप्रिलमध्ये केली आणि तिथे मार्क आणून दिले तिने.

भाषेचं बघा. क्लॅट फक्त इंग्लिशमध्ये. सगळे उतारे धरले तर दोन तासांत अंदाजे नऊ-दहा हजार शब्द वाचायचे असतात, नुसते वाचायचे, विचार वेगळा. सीईटीला प्रश्न मराठीतही दिसतात. पण मराठी मीडियमवाल्यांनो, त्यावर फार विसंबू नका, टॉर्टला अपकृत्य आणि कॉन्ट्रॅक्टला संविदा असं आलं की आपल्यालाच मराठी परकी वाटते. आम्ही इंग्लिशमधला प्रश्न वाचायचो आणि अडलं तर मराठीत डोकावायचो, तसं करा. मराठी मीडियममधून क्लॅट निघतच नाही असं बिलकूल नाही, पण वाचनाचा वेग यायला सहा-आठ महिने रोजचा संपादकीय लेख लागतो, आणि तो दोन महिन्यांच्या क्रॅश कोर्समध्ये येत नाही, मग फी कितीही घेऊ देत.

क्लासचा विषय निघालाच आहे तर, पुण्यातल्या एका क्लासने माझ्याकडून कॉम्बो म्हणून पैसे घेतले होते, क्लॅट प्लस सीईटी. सीईटीचं मटेरियल आलं तेव्हा बघितलं तर क्लॅटचीच पुस्तकं, कव्हर फक्त नवं. आतल्या पानांच्या वर क्लॅट तसंच छापलेलं, तेही काढायचा कंटाळा केला होता. तेव्हा कॉम्बो म्हटलं की आधी पुस्तक उघडून बघा.

पैशांवर येते, कारण माझ्या मते निम्म्या घरांत निर्णय इथेच होतो आणि हे कुणी उघड बोलत नाही. फॉर्मपासूनच फरक आहे, क्लॅटचा ओपनला चार हजार, सीईटीचा त्याच्या पावपट धरा. क्लॅटच्या काउन्सेलिंगला बसायचं तर तीस हजार आधी भरावे लागतात, राखीव गटाला वीस, ते पुढे फीमध्ये धरतात पण त्या दिवशी खात्यात असायला हवेत ना. आणि एनएलयूची फी-हॉस्टेल-मेस मिळून बऱ्याच ठिकाणी वर्षाला अडीच-तीन लाखांच्या पुढेच जातं, पाच वर्षं गुणा. मावसभावाने कर्ज काढलंय, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट, मोठ्या लॉ फर्मची नोकरी. लिटिगेशन, म्हणजे कोर्टातली वकिली, आवडतं त्याला, पण हप्ता भरायचा म्हटल्यावर सीनियरच्या हाताखाली दहा-पंधरा हजारांवर कोण बसणार?

याउलट जीएलसीची वर्षाची फी काही हजारांत असते, आयएलएसच्या अनुदानित जागाही परवडतात. 1855 पासून चालू असलेलं कॉलेज आहे जीएलसी, बाबासाहेब तिथे प्राचार्य होते, आणि चर्चगेटला असल्यामुळे हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर, फोर्टमधली ऑफिसं तिथेच, पोरं सकाळी लेक्चर करून दिवसभर इंटर्नशिप करतात. हे सुख कुठल्या तरी आडगावच्या कॅम्पसवरच्या एनएलयूवाल्याला सुट्टीशिवाय मिळत नाही. पण मुंबईत राहायचा खर्च फीच्या कितीतरी पट, हेही लिहून ठेवा. आणि सीईटी म्हणजे स्वस्त असंही समजू नका, विनाअनुदानित कॉलेजांत फी लाखाच्या पुढेही जाते. कॅपमधून (सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतला तर राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर तो रस्ता बंद, हे ॲडमिशनच्या टेबलावर कुणी आपणहून सांगत नाही.

मग एनएलयू कुणी घ्यावी? वरच्या पाच-सहा मिळत असतील, बेंगळुरू, हैदराबाद, कोलकाता, जोधपूर वगैरे, आणि कॉर्पोरेट करायचं असेल, तर कर्ज काढूनही जा, मी डोळे झाकून सांगेन. साठ हजारांहून जास्त मुलं बसतात आणि सगळ्या एनएलयू मिळून जागा तीन हजारांच्या आसपास, त्यात या वरच्यांना पोचणं म्हणजे काय ते समजून घ्या. तिन्ही एमएनएलयूंत महाराष्ट्राचा अधिवास असलेल्यांना राखीव जागा आहेत, तिथे रँक बराच खाली येतो, आपल्या मुलांनी क्लॅट द्यायचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच आहे. फॉर्ममध्ये अधिवासाचा रकाना नीट भरा मात्र. पण दूरच्या राज्यातली, नुकती सुरू झालेली एनएलयू, नुसत्या नावासाठी, पंधरा लाख घालून? मी तरी नाही जाणार, त्यापेक्षा जीएलसी-आयएलएस दहादा बरं. मावसभावाला हे पटत नाही, आमची यावरून भांडणं झालेली आहेत.

तालुक्यात किंवा जिल्ह्यात प्रॅक्टिस करायची असेल, नाहीतर जज व्हायचं असेल, तर गणित अजून बदलतं. खालच्या कोर्टांचं बरंचसं काम मराठीत चालतं. मावसभाऊ गेल्या उन्हाळ्यात कराड कोर्टात एका वकिलांकडे बसला होता, इंग्लिश ड्राफ्टिंग एक नंबर, पण दिवाणी दाव्याचा रोजनामा हातात दिला तर अर्ध्या तासाने विचारतो, हे कैफियत म्हणजे नक्की काय गं? (प्रतिवादीचं लेखी उत्तर असतं ते.) आणि मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली, म्हणजे डिग्री मिळाली की लगेच जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) हे स्वप्न तूर्त बाजूला ठेवा. ती तीन वर्षं कर्जाचा हप्ता नसेल तर बरी जातात.

कॅलेंडरचं एक त्रांगडं आहे. क्लॅट डिसेंबरमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आधी, रविवारी दुपारी दोन ते चार. सीईटी बोर्डानंतर, एप्रिल-मेच्या सुमारास. ऐकायला छान वाटतं, एक झाली की दुसरी. पण क्लॅटच्या जागांच्या याद्या आधी लागतात आणि सीईटीचं कॅप रखडत रखडत पुढे सरकतं, आमचे वर्ग सुरू व्हायला सप्टेंबर संपत आला होता. त्यामुळे दोन्ही जागा हातात घेऊन शांतपणे तुलना करू असं कधी होतच नाही. एनएलयूचे पैसे भरायची मुदत येते तेव्हा जीएलसी मिळणार का नाही हे तुम्हाला माहीत नसतं, आणि सोडायची म्हटलं तर पोटात गोळा. म्हणून कुठल्या एनएलयूपर्यंत जायचं आणि कुठे थांबायचं ही रेघ नोव्हेंबरमध्येच, पेपरच्या आधी, आई-वडिलांसोबत बसून कागदावर मारून ठेवा.

कागदपत्रांना सीईटी जास्त छळते. डोमिसाईल, जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी (जात पडताळणी), नॉन क्रिमी लेयर, आणि आधार, बारावीचं मार्कशीट, फॉर्म या सगळ्यांवर नाव सारखं. माझ्या वर्गातल्या एकीचं नॉन क्रिमी लेयर 31 मार्चला संपलं होतं, तिला ते ऑगस्टमध्ये स्क्रुटिनीला कळलं, मग सेतू केंद्र, तहसील, परत सेतू, पावसात. जागा मिळाली शेवटी, पण ओपनमधून, हव्या त्या कॉलेजात नाही.

मामाच्या मुलीचं काय झालं ते राहिलंच. क्लासची चर्चा थांबवून मी क्लॅट घेणाऱ्या एनएलयूंच्या कन्सॉर्टियमच्या साईटवरून क्लॅटचा जुना पेपर काढला, फुकट असतो, आणि लीगलचे तीन उतारे तिच्यापुढे ठेवून मोबाईलवर वेळ लावली. पहिल्याला नऊ मिनिटं लागली, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याच्या मध्येच मामीने फराळाला हाक मारली. वेग नव्हताच, चार-पाच मिनिटांत एक उतारा संपायला हवा. पण पहिल्या दोन उताऱ्यांतली जवळपास सगळी उत्तरं बरोबर होती, कुठे काय लिहिलंय ते बोट ठेवून दाखवत होती. पेपरला अजून वर्ष आहे तिच्या. मामाला म्हटलं जूनपर्यंत क्लास नको, इंग्लिश पेपर चालू कर आणि दर रविवारी तिची अशीच वेळ लाव, सहा मिनिटांवर आली तर क्लॅट धर, नाही आली तर अनुच्छेद पाठ करायला बसव. मामा म्हणाला ठीक आहे, पण घड्याळ तूच लाव, माझं ती ऐकत नाही. आता दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो.